वजनाचा काटा आणि ताटातला घास

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

चौल, रेवदंडा, नागाव या पट्ट्यात पाऊस ओसरला की कबड्डीच्या मैदानांना जाग येते. मुलामुलींच्या वयोगटांच्या अधिकृत स्पर्धांत वयाच्या दाखल्याबरोबर वजनही पाहिले जाते. मग निवड चाचणीच्या आधी एखादा मुलगा दोन दिवस जेवण सोडतो, पाणी तोडतो, भर उन्हात जाड स्वेटर घालून दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या चढतो-उतरतो. काटा मनासारखा आला की मित्र पाठ थोपटतात. घरचेही म्हणतात, पोरगा जिद्दीचा आहे. ही जिद्द कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो, हे आपण समजून घ्यायला हवे.

दोन दिवसांत उतरलेले दोन किलो म्हणजे चरबी नव्हे. ते बहुतांशी पाणी असते. एक किलो चरबी जाळायला साडेसात हजारांच्या आसपास कॅलरी खर्चाव्या लागतात. ते दोन दिवसांचे काम नाही. पाणी तुटले की हृदयावर ताण पडतो, शरीरातली उष्णता बाहेर पडत नाही आणि क्षारांचा तोल बिघडतो. अमेरिकेत १९९७ साली नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अवघ्या काही आठवड्यांत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर असे वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली.

आपल्याला जवळचे उदाहरण विनेश फोगाटचे. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम कुस्तीच्या सकाळी ५० किलोच्या मर्यादेपेक्षा तिचे वजन १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली. रात्रभर व्यायाम, वाफ, केस कापणे, सारे करून झाले होते. विनेशला आहाराचा आजार होता, असा याचा अर्थ नव्हे. काट्यापुढे शरीराचे काय हाल होतात, ते मात्र साऱ्या देशाने पाहिले.

वजन उतरवण्याची ही धडपड स्पर्धेपुरती न राहता रोजची झाली, की धोका वाढतो. सडसडीत असूनही आपण जाड आहोत असे वाटून अन्न टाळणे, याला ॲनोरेक्सिया म्हणतात. अधाशासारखे खाऊन मग ओकून काढणे किंवा उपाशी राहून त्याची भरपाई करणे, हा बुलिमिया. क्रिस्टी हेन्रिक या अमेरिकी जिम्नॅस्टला एका परीक्षकाने वजन कमी करायला सांगितले होते. १९९४ मध्ये ती या आजाराने वारली, तेव्हा तिचे वय होते २२ वर्षे. असा आजार केवळ वजनगटांच्या खेळातच होतो असे नाही. लांब पल्ल्याचे धावपटू आणि जिम्नॅस्ट यांनाही तो गाठतो. मुलींना जास्त, पण मुलगेही त्यातून सुटत नाहीत.

खेळाडू जेवढी शक्ती खर्च करतो तेवढी अन्नातून परत मिळाली नाही, तर शरीर काटकसर सुरू करते. मुलींची पाळी थांबते. हाडे ठिसूळ होतात, त्यांना बारीक तडे जातात. दुखापत भरून येत नाही, सर्दी-ताप पाठ सोडत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या अवस्थेकडे खेळाडूंचे लक्ष वेधले आहे. सरावामुळे पाळी जायचीच, ही समजूत चुकीची आहे. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जायलाच हवे.

आपल्याकडे हा आजार लपायला एक सोयीची जागा आहे, ती म्हणजे उपवास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी म्हटले की घरात कुणी प्रश्न विचारत नाही. म्हणून आईवडिलांनी वाराकडे नव्हे, वागण्याकडे पाहावे. मूल सगळ्यांबरोबर जेवायला टाळते का? जेवल्याबरोबर न्हाणीघरात जाते का? दिवसातून अनेकदा काट्यावर उभे राहते का? पोपटीचा बेत ठरला की नेमके त्याच संध्याकाळी त्याला काम निघते का?

अशा वेळी रागावू नये, ताटावर बसवून सक्तीही करू नये. 'तू बारीक दिसतोस' याऐवजी 'तू हल्ली दमतोस, बरे वाटत नाही का?' असे विचारावे. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात दाखवावे. १४४१६ या शासनाच्या टेलिमानस क्रमांकावर मनाच्या तक्रारींसाठी मोफत सल्ला मिळतो, मराठीतही. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपेट खाऊ घालणेही घातक ठरू शकते. ते वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावे.

मार्गदर्शकांची जबाबदारी मोठी आहे. चारचौघांत वजनावरून चिडवू नये. मूल वाढीच्या वयाचे असेल तर त्याला जुन्या गटात कोंबण्यापेक्षा वरच्या गटात खेळवावे. तांदळाची भाकरी, वालाची उसळ, मासळी, नाचणी हे आपल्या किनाऱ्याचे अन्न खेळाडूला पुरेसे बळ देते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते.

स्पर्धा दरवर्षी येतात. सोळाव्या-सतराव्या वर्षी हाडांत जी भर पडायची राहिली, ती पुढे पूर्णपणे भरून काढणे कठीण असते. गट हुकला तर एक मोसम जातो, एवढेच.