अळूची भावकी

अळू खाजरे निघाले की घसा कसा खवखवतो, हे मराठी माणसाला सांगायला नको. म्हणून तर अळूच्या भाजीत चिंच पडते. पण त्याच कुळातली मंडळी आपल्या दिवाणखान्यात ऐटीत बसली आहेत, हे किती जणांना ठाऊक असते? मनी प्लँट, डिफेनबेकिया, पीस लिली ही सारी अळूचीच भावकी. यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कुत्र्यामांजराने पान चावले की ते तोंडात रुततात. लाळ गळते, जनावर पंजाने तोंड ओरबाडते, खाणे टाकते. सहसा जिवावर बेतत नाही, एवढेच समाधान.

आमच्या कोथरूडमध्ये बंगले पाडून इमारती उभ्या राहिल्या. पूर्वी कण्हेर कुंपणाला असे आणि कुत्र्याला हिंडायला सारे आवार. आता चार फुटी गॅलरीत कुंड्याही तिथेच आणि कंटाळलेले जनावरही तिथेच! देवाला वाहतो ती कण्हेर पानाफुलांसकट विषारी. ती थेट हृदयावर घाला घालते. शोभेचा सायकस यकृत निकामी करतो. त्याच्या बिया तर सर्वांत घातक.

बँकेत असताना एकाच नावाच्या दोन खातेदारांनी आम्हाला पुष्कळ घाम फोडला. लिलीचेही तसेच आहे. पीस लिली तोंड पोळवते. पण पुष्पगुच्छातली खरी लिली मांजराची मूत्रपिंडे दोन-तीन दिवसांत निकामी करू शकते. पान खायलाच हवे असे नाही. अंगावर सांडलेले पराग चाटले किंवा फुलदाणीतले पाणी प्यायले, तरी पुरते. मांजर असलेल्या घरी वाढदिवसाला हा गुच्छ नेऊ नये.

त्या काळी ओळख देणाऱ्याच्या सहीशिवाय आम्ही खाते उघडत नसू. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाहून कुंडी आणताना तिचीही ओळख विचारून घ्यावी. अरेका पाम, स्पायडर प्लँट, जास्वंद निर्धास्त आणावीत.

आणि जनावराने भलतेच काही चावलेच, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढायचा घरगुती खटाटोप करू नये. तोंडातले तुकडे काढावेत, चावलेली फांदी पिशवीत घालावी आणि लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा. मुके जनावर काय खाल्ले ते सांगू शकत नाही. ती फांदी सांगते.