‘मानभावी’ हा शब्द आला कुठून?

आज बचतीचा हिशेब नाही, कर्जाचा हप्ता नाही. आज एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. हा शब्द आपल्या तोंडी रोज असतो आणि तो कुणाला लागतो याचा आपण विचार करत नाही.

गोड बोलून आतून डाव साधणाऱ्या बाईला आपण काय म्हणतो? ‘मानभावी’. म्हणसुद्धा आहे, ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’. या एका म्हणीत दोन समाजांना ओढलंय. एक खाटकाचा धंदा करून पोट भरणारा, दुसरा महानुभाव पंथाचा. मानभाव म्हणजेच महानुभाव. आपल्या जिल्ह्यात, जालना-बीडकडे, विदर्भात, खानदेशात या पंथाची माणसं गावोगाव आहेत. एकमेकांना भेटली की ‘दंडवत प्रणाम’ म्हणतात. आपल्या गटांतही त्यांच्या घरच्या बाया आहेत. एका बैठकीत कुणीतरी दुसरीला सहज ‘फार मानभावी आहेस गं’ म्हणाली. शेजारी बसलेली तिसरी बाई गप्प झाली, ती त्याच पंथाची. तिने नंतर मला एवढंच विचारलं, “ताई, आमच्या धर्माचं नाव शिवी कशी झाली हो?” तिला तेव्हाच उत्तर देता आलं नाही, म्हणून वाचत गेले. जे हाती लागलं ते सांगते.

ही गोष्ट आपल्याच भागातली आहे. तेराव्या शतकात, यादवांचं राज्य देवगिरीवर असताना, चक्रधर स्वामी पैठणला आले. मूळचे गुजरातेतले, पण शिकवण दिली मराठीतून. वेरूळलाही त्यांचा मुक्काम होता. त्यांचे गुरू गुंडम राऊळ अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे. चक्रधरांनी हिंसा नको म्हटलं. जातपात न बघता भिक्षा मागा म्हटलं. बायांनाही संन्यासाचा अधिकार दिला. परमेश्वर एकच, बाकीच्या देवतांच्या मागे लागू नका, असंही सांगितलं. त्यांच्यामागे पंथ सांभाळला नागदेवाचार्यांनी. एक शिष्य संस्कृतात लिहायला निघाला तेव्हा त्यांनी त्याला अडवलं. का, तर संस्कृतात लिहिलं तर माझ्या म्हाताऱ्या बाया वंचित राहतील. सातशे वर्षांपूर्वी कुणी म्हाताऱ्यांसाठी भाषा निवडतो, हे वाचून मी तर थांबलेच.

मग बदनामी कशी झाली? एक कारण तर उघड आहे. गावात जत्रा आहे, बोकड पडतोय, सगळा गाव नवस फेडतोय आणि एक घर म्हणतं, आम्ही यात नाही. असं घर गावाच्या डोळ्यावर येणारच. त्यात साधूंचे काळे कपडे. त्यात बाया घर सोडून संन्यास घेतात. बाई घर सोडून निघाली की तिच्याबद्दल काय काय बोललं जातं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पेशवाईतही या पंथाविरुद्ध निवाडे झाले. पैठणच्या कुणा कृष्णभट्टाने वेताळाच्या मुकुटाच्या जोरावर कृष्णाचं सोंग घेतलं आणि त्याच्यापासून हे लोक निघाले, अशी एक कहाणी लोकांत पसरली. इंग्रज अधिकाऱ्यांनी ती ऐकली तशी जातीजमातींच्या पुस्तकात छापली. पंथाच्या स्वतःच्या ग्रंथांत या कृष्णभट्टाला जागाच नाही. पण छापलं गेलं की लोकांना ते खरं वाटतं.

एक गोष्ट मात्र पंथाच्या बाजूनेही झाली. आपले ग्रंथ परक्या हाती पडू नयेत म्हणून त्यांनी ते सांकेतिक लिपीत लिहिले. त्यातली ‘सकळ’ लिपी जास्त प्रसिद्ध. अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरं, म्हणजे पोथी हातात घेतली तरी वाचता येत नाही. म्हाताऱ्यांसाठी मराठीत आणलेलं ज्ञान पुन्हा कुलूपबंद झालं. आत काय आहे ते दिसेना, म्हणून बाहेरच्यांनी मनाला येईल ते भरलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी या लिपीची उकल केली. पुढे महंतांनीही पोथ्या दाखवायला सुरुवात केली, आणि मराठीतला गद्याचा पहिला मोठा ठेवा सापडला. म्हाइंभटांनी जमवलेलं ‘लीळाचरित्र’ ते हेच. मराठीतली आद्य कवयित्री महदाइसा याच पंथातली. तिने रुक्मिणीच्या लग्नाचे ‘धवळे’ रचले, म्हणजे लग्नात गायची गाणी.

बायांनो, या ग्रंथातलं एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. विटाळाबद्दल चक्रधर स्वामींचं म्हणणं असं होतं की शरीराला जी नऊ दारं आहेत त्यांतून काही ना काही वाहतंच, नाकातून शेंबूड येतो तसंच हे. त्यात विटाळ कसला? आपल्याकडे अजून पाळीच्या दिवसांत सून बाजूला बसते. कुणाला शिवी द्यायची आणि कुणाचं ऐकायचं, हे मग उलटंच झालं की नाही?

आता वादाची दुसरी बाजू. डॉ. वि. भि. कोलते हे महानुभाव साहित्याचे मोठे अभ्यासक. अनेक पोथ्या ताडून त्यांनी लीळाचरित्र संपादित केलं आणि 1978 मध्ये राज्य शासनाच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने ते छापलं. त्यातल्या काही लीळांवर पंथातल्या मंडळींनी हरकत घेतली. स्वामींनी देह ठेवला नाही, ते उत्तरेकडे निघून गेले, अशी पंथाची श्रद्धा आहे. काही पोथ्यांतले प्रसंग तिच्याशी जुळत नाहीत. वाद न्यायालयापर्यंत गेला आणि ते पुस्तक बाजारात मिळेनासं झालं. अभ्यासक म्हणतात, जुन्या पोथीत आहे ते लपवायचं कसं? भक्त म्हणतात, पोथी कुणीही नकलली असेल, आमच्या देवाबद्दल वाटेल ते का छापता? मला दोघांचंही कळतं. तरी माझं मत विचाराल तर पुस्तक राहायला हवं होतं आणि शेजारी पंथाचं उत्तरही छापायला हवं होतं. कोलत्यांनी तर आयुष्य या साहित्याला दिलं. त्यांची चूक असेल तर ती दाखवावी, पण कृष्णभट्टाची कहाणी रचणारा आणि पोथ्या ताडणारा यांना एकाच पंगतीत बसवू नये.

अमेरिकेत मॉर्मन नावाचा पंथ आहे, 1830 मध्ये स्थापन झालेला. त्यांच्यातही एकेकाळी अनेक बायका करण्याची प्रथा होती, 1890 मध्ये पंथाने ती अधिकृतपणे सोडली. त्यांच्या संस्थापकाला जमावाने ठार केलं होतं. 2011 मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्या श्रद्धेची थट्टा करणारं संगीत नाटक आलं आणि तुफान चाललं. पंथाने काय केलं? नाटकाच्या माहितीपुस्तिकेतच जाहिरात दिली, की नाटक पाहिलंत, आता आमचा मूळ ग्रंथही वाचा. पैसा आणि ताकद असली की असं हसून उत्तर देता येतं, हे खरं. आपल्या गटातल्या त्या बाईकडे जाहिरातीचे पैसे नाहीत. तिच्या नावाची शिवी आपल्याच जिभेवर आहे.

मग महानुभावांबद्दल प्रश्न विचारायचेच नाहीत का? विचारा ना. बाईला संन्यास मिळाला, पण मठाचा कारभार किती बायांच्या हाती आहे? हा प्रश्न मी त्याच बाईला विचारला. ती रागावली नाही. म्हणाली, “हे आम्हीपण विचारतो.”

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय. पैठणला नाथांच्या दर्शनाला आपण जातोच, त्याच गावात चक्रधरांचीही स्थानं आहेत. पुढच्या खेपेला गटाची गाडी निघाली की त्या बाईलाच वाट दाखवायला सांगणार आहोत. ती म्हणते, स्थानावर नारळ आणायची गरज नाही, दंडवत घातला की पुरे.