बाटलीतल्या औषधाचा वर्णपट

विशिष्ट रुग्णासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीबरहुकूम औषधालयातच मिश्रण, मलम किंवा पुडी तयार करून देण्याची पद्धत मराठवाड्यात एके काळी सार्वत्रिक होती, आणि कंपाउंडरने भरलेल्या बाटलीवरची, डोसाच्या खुणांसाठी कडेला कातरलेली कागदी पट्टी जुन्या पिढीच्या चांगल्या परिचयाची आहे. तयार गोळ्यांनी ही पद्धत मागे सारली असली, तरी ती संपलेली नाही. त्वचारोगासाठी सॅलिसिलिक आम्लाचे मलम कधी नेमक्या तीव्रतेचे लागते, तर लहान मुलाला मोठ्यांच्या गोळीचा अंश पुडीत बांधून द्यावा लागतो. फार्मसी अधिनियम, 1948 च्या कलम 42 ने असे मिश्रण करण्याचे काम, डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णांपुरते केलेले वगळता, नोंदणीकृत फार्मासिस्टकडे सोपवले. मात्र काम कोणाचे हे ठरले, म्हणून बाटलीत काय उतरले हे कळत नाही. लातूर तालुक्यातील मुरुडसारख्या बाजारपेठेच्या गावातून एखादा नमुना अन्न व औषध प्रशासनाच्या छत्रपती संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत जाऊन त्याचा अहवाल परत येईपर्यंत एका रुग्णापुरते केलेले औषध केव्हाच पोटात गेलेले असते.

हातात मावणारा वर्णपटमापक ही अडचण काही अंशी दूर करू शकतो. पदार्थावर प्रकाश टाकला असता त्याचे रेणू त्यातील ठराविक तरंगलांबी शोषून घेतात किंवा प्रकाश विखुरताना तिच्यात किंचित बदल घडवतात, आणि कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश मिळाला याचा आलेख म्हणजे वर्णपट. निकट-अवरक्त, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्या प्रकाशापलीकडच्या किरणांवर चालणारी उपकरणे शोषण मोजतात, तर दुसऱ्या प्रकारची उपकरणे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1928 मध्ये कोलकात्यात शोधलेल्या विकिरणाचा उपयोग करतात. रामन यांना ज्यासाठी अंधारी खोली आणि पाऱ्याचा दिवा लागला, ते काम आता लहानसा लेसर काही सेकंदांत करतो, आणि तेही पारदर्शक बाटली न उघडता. ॲल्युमिनियमच्या पाकिटातून मात्र त्याला काही दिसत नाही.

यंत्र पदार्थ ‘ओळखते’ असे म्हणणे तितकेसे बरोबर नाही, कारण ते मिळालेला वर्णपट आधी साठवलेल्या अस्सल नमुन्यांच्या वर्णपटांशी केवळ ताडून पाहते. कारखान्यात एकसारख्या बनणाऱ्या गोळीसाठी असा संदर्भ एकदा नोंदवला की पुरतो, पण चिठ्ठीगणिक बदलणाऱ्या मिश्रणाला संदर्भ आणायचा कुठून? त्यामुळे तयार मिश्रणापेक्षा मिसळण्याआधीचा प्रत्येक घटक तपासणे अधिक फलदायी ठरते, आणि महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वांत कटू उदाहरण याच बाजूने बोलते.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 च्या आरंभी मेंदूवरील किंवा डोळ्यांतील दाब उतरवण्यासाठी ग्लिसरीन दिलेले 14 रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले, आणि न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्या पुरवठ्यामागील बेपर्वाई व भ्रष्टाचार उघड केला. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रावक मिसळलेले होते. दोन्ही द्रव रंगहीन, दाटसर आणि गोड असल्यामुळे डोळ्यांना वा जिभेला फरक कळणे शक्य नव्हते. त्यांचे वर्णपट मात्र निराळे असतात. मध्य प्रदेशातील छिंदवाड्याच्या मुलांचे 2025 मध्ये प्राण घेणाऱ्या खोकल्याच्या औषधात हेच द्रावक 48.6 टक्के आढळले, म्हणजे चाळीस वर्षांनीही घटक तपासण्याची जागा रिकामीच होती. एवढे मोठे प्रमाण हातातल्या यंत्रालाही दिसावे. औषधसंहितेने ग्लिसरीनसाठी घातलेली 0.1 टक्क्याची मर्यादा मात्र त्याच्या आवाक्याबाहेरची असून तिथे प्रयोगशाळेतील वायुवर्णलेखनच लागते.

अल्प प्रमाण हाच या तंत्राचा खरा अडसर आहे. सांधेदुखीवरील ‘जडीबुटीच्या’ पुड्यांत चोरून मिसळले जाणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड अर्ध्या मिलिग्रॅमनेही परिणाम करते, पण शेकडो मिलिग्रॅम भुकटीत त्याचा क्षीण संकेत हरवून जातो, आणि वनस्पतींचे कण लेसरखाली स्वतःच चमकत असल्याने उरलासुरला संकेतही त्या उजेडात बुडतो. जंतू तर यंत्राला दिसतच नाहीत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका कंपाउंडिंग औषधालयाच्या इंजेक्शनांनी 2012 मध्ये शेकडो लोकांना मेंदूच्या आवरणाचा बुरशीजन्य दाह झाला. त्या कुप्यांत औषध बरोबर होते, पण सोबत बुरशीही होती.

याउलट, जिथे औषधच नसते तिथे यंत्र चोख काम करते. मुरुडच्या शेजारच्या अंबाजोगाईत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला पुरवलेल्या गोळ्यांत अ‍ॅझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक नसल्याचे आढळून डिसेंबर 2024 मध्ये गुन्हा दाखल झाला. पाचशे मिलिग्रॅमच्या गोळीतून मुख्य औषधच गायब असेल, तर तिचा वर्णपट अस्सल गोळीशी जुळणार नाही, आणि हे खोके भांडारात उतरवून घेतानाच कळू शकते. न्यायालयात मात्र असा आलेख पुरावा म्हणून पुरत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 नुसार औषध निरीक्षकाने रीतसर घेतलेल्या नमुन्यावरील शासकीय विश्लेषकाचा अहवालच तिथे चालतो, त्यामुळे भांडारातील यंत्राचा उपयोग कोणते खोके अडवून ठेवायचे आणि कोणता नमुना आधी पाठवायचा हे ठरवण्यापुरता आहे.