हातपुस्तिकेची पारख

गुणवत्ता अभियंत्याला संदर्भासाठी हातपुस्तिका लागते ती दोन निराळ्या कामांकरिता: एक प्रमाणपत्राची परीक्षा आणि दुसरे कारखान्यातले रोजचे काम. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, जिथे टेक्नोक्राफ्टसारखा कारखाना पोलादी पिंपांची बुचे तयार करतो, किंवा शहापूर तालुक्यात आसनगावच्या आसपास, या कामाला लागलेल्या तरुणाने हा भेद आधी ओळखणे गरजेचे आहे. मुरबाडहून मुंबईच्या पुस्तकबाजारात जायचे तर आधी रस्त्याने कल्याण गाठावे लागते. म्हणून न चाळताच पुस्तक मागवण्याचा मोह होतो आणि निवडीची कसोटी अधिकच महत्त्वाची ठरते.

अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटी या 1946 साली स्थापन झालेल्या संस्थेच्या ‘सर्टिफाइड क्वालिटी इंजिनीअर’ परीक्षेत बांधीव पुस्तके जवळ बाळगता येतात. मात्र एका प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटे मिळत असल्याने तिथे खरा उपयोग होतो तो नेमक्या विषयसूचीचा आणि चटकन सापडणाऱ्या कोष्टकांचा. परीक्षेच्या अभ्यासक्रमानुसार रचलेली, याच संस्थेने प्रसिद्ध केलेली हातपुस्तिका त्यासाठी सोयीची असते.

पुस्तकाची पारख एका साध्या उदाहरणाने करता येते. लेथवर तयार होणाऱ्या शाफ्टचे दर तासाला पाच नग मायक्रोमीटरने मोजले, सर्व गटांच्या सरासऱ्यांची सरासरी 25.000 मिलिमीटर आली आणि प्रत्येक गटातील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मापातला फरक, म्हणजे विस्तार, सरासरीने 0.020 मिलिमीटर निघाला, असे समजू. पाच नगांच्या गटासाठी कोष्टकातला गुणक 0.577 आहे, त्याने विस्ताराला गुणले की सुमारे 0.012 येतात आणि सरासरीच्या आलेखाच्या नियंत्रण मर्यादा 24.988 व 25.012 ठरतात. हा गुणक मिनिटभरात सापडला, तर पुस्तक परीक्षेला चालेल. तो 3 ला 2.326 आणि पाचाचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागून येतो, हे जे पुस्तक उलगडून सांगते, ते शिकायलाही उपयोगी पडते.

कामासाठी मात्र याहून पुढचे उत्तर हवे. ड्रॉइंगवर 25 अधिक-उणे 0.030 अशी सूट दिलेली असताना एखाद्या तासाची सरासरी 25.015 आली, तर नग सुटीत बसत असूनही प्रक्रियेत काहीतरी बदललेले असू शकते. कारण नियंत्रण मर्यादा प्रक्रियेच्या स्वतःच्या वागण्यातून निघतात, तर सूट ग्राहकाच्या गरजेतून येते. अशा वेळी टूलची झीज, कच्च्या मालाचा नवा लॉट आणि मोजमापाची चूक यांपैकी काय व कोणत्या क्रमाने तपासावे, हे सांगणारे पुस्तक टेबलावर हवे. 1951 साली प्रथम निघालेली जोसेफ जुरान यांची हातपुस्तिका व्यवस्थापनाच्या अंगाने व्यापक आहे, डग्लस माँटगोमेरी यांचे पुस्तक संख्याशास्त्राची बैठक पक्की करते, तर नमुना तपासणीसाठी आयएस 2500 या भारतीय मानकाची चालू आवृत्तीच पाहावी लागते.

म्हणून पुस्तक मागवण्यापूर्वी गेल्या महिन्यात स्वतःच्या शिफ्टमध्ये अडलेले तीन प्रश्न कागदावर लिहावेत आणि त्यांची उत्तरे अनुक्रमणिकेत व विषयसूचीत शोधावीत. ज्या पुस्तकात ती सापडत नाहीत, ते कितीही नावाजलेले असले तरी त्या टेबलासाठी नाही.