वळण मावेल तोच घाट

दापोलीत रूळ नाहीत. गाडी पकडायची तर कोकण रेल्वेवरच्या खेडला जावं लागतं. त्यामुळे घाटातल्या रेल्वेची छोटी प्रतिकृती घरात उभारायची म्हटलं की इथल्या माणसाला आधी कोकण रेल्वेच आठवते. मोहही तसाच आहे. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल १:८७ या प्रचलित प्रमाणात जेमतेम ७४ सेंटिमीटरचा होतो.

अडतं ते वळणावर. कोकण रेल्वे वेगासाठी आखलेली, तिच्या वळणांची त्रिज्या किमान १२५० मीटर. ८७ने भागूनही १४ मीटरच्या वर उरते, म्हणजे गाडी वळवून परत आणायला २९ मीटर रुंद खोली हवी!

म्हणून माझा कौल नेरळ-माथेरानला. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेली ही दोन फुटी (म्हणजे दोन रुळांत दोन फूट अंतर असलेली) गाडी १९०७ साली सुरू झाली. तिचं सर्वांत अवघड वळण सुमारे १८ मीटर त्रिज्येचं. दोन फुटी गाड्यांसाठी रूढ असलेल्या १:७६ प्रमाणात ते २४ सेंटिमीटर होतं, आणि अख्खा वळसा साध्या टेबलावर बसतो. अशा वळणासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेलने दिलेल्या वाफेच्या इंजिनांत पुढचा आणि मागचा आस पोकळ होता. आतल्या दांड्याभोवती तो किंचित तिरका होई आणि चाकं वळणाच्या कलानं जात.

चढाचं गणित मात्र वेगळं. त्रिज्या लहान होते, चढ होत नाही, कारण ते गुणोत्तर आहे. माथेरानचा १:२० चढ टेबलावरही १:२०च, म्हणजे मीटरला पाच सेंटिमीटर. इंजिन आणि डबे दोन्ही हलके झाले तरी गाडीच्या वजनाचा विसावा भाग मागे ओढतच राहतो. त्यात आसांचं आणि वळणाचं घर्षण छोट्या गाडीत तुलनेनं जास्त जाचतं. चाकं घसरू नयेत म्हणून डबे मोजकेच जोडावे लागतात. खऱ्या माथेरानच्या गाडीलाही डबे थोडेच असतात, त्यामुळे ही तडजोड वाटत नाही. उलट मुंबई-पुणे मार्गावरच्या बोरघाटात लांबलचक गाडी आणि तिला मागून रेटणारी इंजिनं नसतील तर तो बोरघाट दिसतच नाही.

सगळा मार्ग करू नये. वीसेक किलोमीटरचे या प्रमाणातही अडीचशे मीटरच्या वर होतात. जुम्मापट्टी स्थानक आणि त्याच्या आसपासचं एखादं वळण पुरे. दापोलीची तांबडी माती चाळून वापरण्याचा मोह होईल, पण ती जांभ्याची, आणि जांभा माथेरानच्या माथ्यावर आहे. खाली जुम्मापट्टीला काळा कातळच दाखवायला हवा.