बिजाचा पेला आणि रक्तातली साखर

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात सागाच्या सोबतीने बिजा वाढतो. त्याच्या गाभ्याच्या लाकडाचा पेला रात्री पाण्याने भरून ठेवायचा आणि सकाळी ते तांबूस पाणी मधुमेह्याने प्यायचे, हा उपाय आता शहरांतही पोचला आहे. जांभळाच्या बियांची पूड, गुडमारचा पाला, गुळवेल हीही त्याच रांगेत. अशा वनस्पतींच्या अर्कांवर हल्ली ‘अँटिऑक्सिडंट’ अशी मोहोर उमटते आणि साखरेवरचा इलाज सापडला असे वाचणारा गृहीत धरतो. या दोन गोष्टींत फार मोठे अंतर आहे. डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणात अर्क टाकला आणि रंग पिवळट झाला, की अर्क या चाचणीत उत्तीर्ण. पण साधा चहाही यात उत्तीर्ण होतो, आवळा आणि हिरडा तर होतातच. ज्यात टॅनिन भरपूर ते बहुधा सगळेच. शिवाय प्रयोगशाळेतला अर्क पुष्कळदा मिथेनॉलमध्ये काढलेला असतो, पेल्यातला पाण्यात. एकात उतरते ते दुसऱ्यात उतरेलच असे नाही. आणि पोटात गेल्यावर यातली बरीच द्रव्ये आतड्यातून नीट शोषलीच जात नाहीत, जी जातात त्यांचे रूप यकृत बदलून टाकते. अँटिऑक्सिडंट म्हणजे हितकरच, या समजुतीला १९९४ साली फिनलंडमध्ये जबर धक्का बसला. तिथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली आणि बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी जास्त आढळला.

उंदरांवरचे प्रयोगही जपूनच वाचावे लागतात. स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून त्यांच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या जातात आणि त्या मारण्यात, अँटिऑक्सिडंट ज्यांना निकामी करतात त्या मुक्त कणांचाही (फ्री रॅडिकल्स) हात असतो. तिथे अँटिऑक्सिडंट अर्काने पेशी वाचल्या, तर तो विषावरचा उतारा ठरतो. आपल्याकडच्या बहुतेक प्रौढ मधुमेह्यांची अडचण निराळी आहे: सुरुवातीला इन्सुलिन असते, शरीर त्याला दाद देत नाही.

यावर कोणी म्हणेल, पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव काय खोटा? खोटा नव्हे, पण अनुभव तिथेच पक्का होतो जिथे परिणाम डोळ्यांना दिसतो. जखम भरली, जुलाब थांबले, हे गावातल्या वैदूला चार दिवसांत कळते. साखर मात्र वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढते आणि रक्त तपासल्याशिवाय कमी झाली की नाही ते सांगता येत नाही. बिजाचे नशीब एवढे चांगले, की त्याची थेट माणसांवर तपासणी झाली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सौम्य मधुमेहाच्या ९७ रुग्णांना त्याचा अर्क दिला. बारा आठवड्यांत ६७ जणांची साखर आटोक्यात आली. हे आशादायक आहेच. पण तुलनेसाठी बिनऔषधी गोळी घेणारा गट त्यात नव्हता, आणि औषध-आहाराकडे लक्ष गेले की साखर थोडीफार आपसूकही उतरते. वनस्पतीतून औषध निघू शकते, हे मेटफॉर्मिनने दाखवलेच आहे. युरोपातल्या गॅलेगा या झुडपातल्या गॅलेजिनने साखर उतरे, पण ते विषारी ठरले. त्याच रासायनिक कुळातले सुरक्षित मेटफॉर्मिन १९५७ साली रुग्णांपर्यंत आले.

‘नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना?’ हा आक्षेप सर्वांत धोक्याचा. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांना यकृताची इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाही, दुसरीच जात वापरली गेली असावी असे म्हटले. ते खरे धरले, तरी बाजारातली वेल कोणती हे गिऱ्हाईक कसे ओळखणार? मधुमेहाच्या गोळ्यांसोबत असा काढा घेतल्यास साखर एकाएकी खालीही जाऊ शकते. बिजाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरली जाते: औषध गाभ्यात असते आणि गाभा झाड तोडल्याशिवाय हाती येत नाही. उपाय खरा की नाही हे कळण्याआधीच झाडे पडू नयेत, म्हणून गडचिरोलीत २०११ पासून असलेल्या गोंडवाना विद्यापीठाने रंग बदलण्याच्या चाचण्यांपुढे जाऊन, ग्रामसभांना सोबत घेऊन आणि लाभातला त्यांचा वाटा आधी ठरवून, माणसांवरच्या नीट चाचण्यांचे काम अंगावर घ्यावे. तोवर ज्यांना पेल्यातले पाणी प्यायचेच आहे, त्यांनी ते डॉक्टरांना सांगावे, दर तीन महिन्यांनी एचबीए१सी ही साखरेची रक्तचाचणी करून घ्यावी आणि चालू गोळी स्वतःहून बंद करू नये.