दारू जास्त, उसळी कमी

एका वाचकाने विचारलं आहे: नेमबाजीच्या व्हिडिओत काही पिस्तुलांच्या तोंडाशी वरच्या अंगाला भोकं असलेला ठोकळा दिसतो. असे नेमबाज स्वतः काडतुसं भरताना दारूही जास्त घालतात म्हणे. मग धक्का वाढायला नको का?

फक्कड प्रश्न! निम्मं उत्तर 1742 सालचं आहे. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने बंदुकीची नळीच लंबकाला बांधली. एकदा गोळी घालून बार काढला, एकदा नुसत्या दारूचा. गोळी नसतानाही लंबक मागे गेलाच. म्हणजे नळीतून सुटणारा वायूही बंदुकीला रेटतो. रॉबिन्सच्या हिशेबाने त्याचा वेग सेकंदाला सुमारे 7000 फूट. हे सारं मांडणाऱ्या त्याच्या पुस्तकाचा जर्मन अनुवाद खुद्द थोर गणितज्ञ ऑयलरने केला, मूळ मजकुराहून लांबलचक टिपा जोडून. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र गोळी पुढे, बंदूक मागे, न्यूटनचा तिसरा नियम, संपला विषय. वायूही गायब आणि रॉबिन्सही. (हा गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांच्या कामासाठी इकडे आला आणि 1751 मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.)

तो ठोकळा, म्हणजे कॉम्पेन्सेटर, या वायूवरच जगतो. नळी मुठीच्या वर असल्याने धक्क्यासरशी पिस्तुलाचं तोंड उसळतं. भोकांतून वायू वर फेकला की तोंड खाली दाबलं जातं. दिवाळीतला बाण उलटा बांधावा तसं.

आता दारूचं. आयपीएससी या नेमबाजी संघटनेच्या पिस्तूल स्पर्धांत गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांत, गुणाकाराला हजाराने भागायचं. उत्तर 125 च्या खाली आलं तर गुणच नाहीत. गंमत बघा, या हिशेबात वायू धरलेलाच नाही! तोच आकडा जड, संथ गोळीला थोड्या दारूत गाठता येतो किंवा हलक्या, वेगवान गोळीला जास्त दारू घालून. ठोकळा नसेल तर पहिला मार्ग शहाणपणाचा, कारण जादा वायू म्हणजे जादा धक्का. ठोकळा असेल तर तोच वायू कामाला लागतो. म्हणून 1980 च्या दशकात रॉब लेथमसारखे अमेरिकी नेमबाज .45 चं जड गोळीचं काडतूस सोडून 1929 सालच्या, हलक्या, वेगवान गोळीच्या .38 सुपरकडे वळले.

जाहिरातीतला ‘धक्का नाहीसा’ हा दावा मात्र सोडून द्या. 125 चा आकडा म्हणजे सुमारे अडीच किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद एवढा गोळीचा संवेग. तेवढा उलटा संवेग पिस्तुलाला मिळतोच, वर वायूचा वेगळा. ठोकळा त्यातून वायूचा हिस्सा तेवढा वजा करू शकतो, आणि मोबदल्यात आवाज वाढवतो.

ठोकळा आणि जादा दारूचा हा खेळ सगळीकडे नसतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं, त्या प्रकारात असा ठोकळा चालतच नाही. तिथली .22 ची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. आणि ते काडतूस पुन्हा भरण्यातलंही नव्हे: पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेतच बसवलेला असतो आणि घोड्याच्या एका ठोक्यात ती कड चेपते.